तोंडाचा सामू: आम्लाने दात झिजतात, मग अल्काने हिरड्या वाचतात का?

टूथपेस्टच्या खोक्यावर, पाण्याच्या बाटलीवर, माउथवॉशच्या जाहिरातीत हल्ली ‘अल्कधर्मी’ हा शब्द ठळक अक्षरांत दिसतो. मोबाइलवरचे व्हिडिओ त्याच्याही पुढे जातात. आम्ल दातांचा शत्रू, म्हणून तोंड सतत अल्कधर्मी ठेवा, रोज खायच्या सोड्याने दात घासा, असं ते सांगतात. आणि किटण, म्हणजे दातांवर दगडासारखा कडक झालेला थर, काढायचं असेल तर दातांवर लिंबू चोळा, असंही सांगतात. दातांपुरती यातली निम्मी गोष्ट बरोबर आहे. हिरड्यांच्या बाबतीत मात्र प्रकरण जवळजवळ उलटं आहे. दोन्ही बाजू नीट कळल्या तर रोजच्या सवयीत काय बदलायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, ते आपोआप ठरवता येतं.

## आधी मोजपट्टी समजून घेऊ

एखादी गोष्ट किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू, म्हणजेच पीएच. डेन्मार्कमधले रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये हे माप मांडलं. शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे उदासीन. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क.

ही पट्टी शाळेतल्या फूटपट्टीसारखी नाही. एक अंक खाली उतरलं की आम्लता दहा पट वाढते, दोन अंक उतरलं की शंभर पट. कोलासारख्या पेयाचा सामू २.५ च्या आसपास असतो आणि लाळेचा ७ च्या जवळपास. दिसायला फरक साडेचार अंकांचा. प्रत्यक्षात कोला लाळेपेक्षा सुमारे ३० हजार पट आम्लधर्मी. लिंबाचा रस २ ते २.५, व्हिनेगर २.५ ते ३, संत्र्याचा रस साडेतीनच्या आसपास. दूध ६.५ च्या थोडं वर. खायचा सोडा घातलेलं पाणी ८ च्या जरासं पुढे. आणि जठरातलं आम्ल १ ते २, म्हणजे तोंडात येऊ शकणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत तीव्र.

## दात विरघळतो तो कसा

दाताच्या बाहेरच्या कवचाला इनॅमल म्हणतात. वजनाने ते सुमारे ९६ टक्के खनिज असतं: कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे घट्ट रचलेले स्फटिक. शरीरातली ही सर्वांत कठीण वस्तू, पण तिच्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळतं; इनॅमलचा तुकडा गेला तर तो पुन्हा उगवत नाही.

जड पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोंडाशी पांढरा क्षार साचतो. त्यावर व्हिनेगर टाकलं की तो फसफसून सुटतो. दाताचं खनिज त्याहून पुष्कळ चिवट असलं तरी मूळ तत्त्व तेच: आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळतात, अल्कात खाली बसतात. पुढच्या सगळ्या लेखाचं सार या नळाच्या तोंडाशी आहे, म्हणून हे उदाहरण लक्षात असू द्या.

किती आम्ल झालं की इनॅमल विरघळू लागतं? नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे ५.५. याला निर्णायक सामू म्हणतात. मात्र ही दगडावरची रेघ नव्हे. पाण्यात साखर टाकत गेलो की एका टप्प्यानंतर ती विरघळायची थांबते, कारण पाण्यात आणखी साखरेला जागाच उरत नाही. दाताभोवतीच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असेल तर अगदी तसंच होतं. दही हे याचं उत्तम उदाहरण. त्याचा सामू ४ च्या आसपास, म्हणजे कागदावर धोक्याच्या पुष्कळ खाली. तरी साधं, बिनसाखरेचं दही इनॅमल झिजवत नाही, कारण ते आधीच कॅल्शियम-फॉस्फेटने भरलेलं असतं. म्हणून नुसता सामूचा आकडा वाचून एखादा पदार्थ दाताला वाईट ठरवणं चुकीचं आहे.

इनॅमलच्या आतला थर म्हणजे डेंटिन. त्यात खनिज कमी आणि त्याचे स्फटिक बारीक, त्यामुळे तो ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळू लागतो. दाताच्या मुळावर इनॅमल नसतंच, तिथे डेंटिनवर फक्त एक पातळ आवरण असतं. हा फरक शेवटी हिरड्यांपाशी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

## तोंडात आम्ल येतं कुठून

दोन वाटांनी. एक बाहेरून येतं, दुसरं तोंडातच तयार होतं.

तोंडात तयार होणारं आम्ल जास्त फसवं, कारण ते आंबट लागत नाही. दातांवर सतत एक चिकट थर बसत असतो, त्याला प्लाक म्हणतात. तो म्हणजे अन्नाचे कण नव्हेत. ती जिवाणूंची दाट वस्ती असते. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल टाकतात. हे आम्ल प्लाकच्या आत, दाताला अगदी खेटून साचतं. लाळ तिथवर सहज पोचत नाही.

अमेरिकेतले दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर प्लाकचा सामू काही मिनिटांतच ५ च्या जवळ किंवा त्याखाली घसरतो आणि हळूहळू वर येतो. पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. या आलेखाला आजही स्टीफन आलेख म्हणतात, आणि दात किडण्याबद्दलचा सर्वांत उपयोगी धडा तोच देतो: किती साखर खाल्ली, यापेक्षा ती किती वेळा तोंडात आली हे जास्त महत्त्वाचं.

एक ग्लास गोड पेय दहा मिनिटांत संपवलं तर सामू एकदा घसरेल आणि तासाभरात वर येईल. तोच ग्लास टेबलावर ठेवून दर वीस मिनिटांनी एक घोट घेतला तर तीन तास सामू वर यायला सवडच मिळत नाही. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी जास्त. गोड चहा-कॉफीचे दिवसभराचे घोट, चघळायच्या गोळ्या, तोंडात धरलेलं चॉकलेट, हे सगळं याच हिशेबात येतं.

## साखर नसेल तर चालेल ना?

किडीच्या बाबतीत बऱ्याच अंशी होय. झिजेच्या बाबतीत नाही. बिनसाखरेच्या कोलात जिवाणूंना खायला काही नसलं तरी फॉस्फोरिक आम्ल असतंच, आणि ते जिवाणूंची वाट न पाहता थेट इनॅमलवर काम करतं. आंबट चवीच्या ‘शुगर फ्री’ गोळ्यांचंही तेच, कारण त्यांत सायट्रिक आम्ल असतं. चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही याच गटातल्या.

म्हणून कीड आणि झीज हे दोन वेगळे आजार आहेत, हे ओळखायला हवं. कीड प्लाक साचतो तिथे होते: दाढांच्या खाचांत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला. आधी खडूसारखा पांढरा डाग, मग खड्डा. झीज मात्र उघड्या, गुळगुळीत भागांवर होते, अगदी स्वच्छ दातांवरसुद्धा. दात तुकतुकीत, किंचित पिवळे दिसू लागतात, पटाशीच्या दातांच्या कडा पातळ होऊन काचेसारख्या पारदर्शक होतात, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात. जुनं फिलिंग भोवतीच्या दातापेक्षा उंच दिसायला लागलं तर समजावं की दात झिजलाय, फिलिंग तसंच राहिलंय.

झीज कुठे आहे त्यावरून तिचं कारणही बरेचदा कळतं. पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला असेल तर पेयं आणि आंबट फळं तपासावीत. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला असेल तर जठरातलं आम्ल तोंडात येत असण्याची शक्यता मोठी: वारंवार घशाशी येणं किंवा वारंवार उलट्या. अशा वेळी दातांवर कितीही उपचार केले तरी मूळ दुखणं पोटाच्या डॉक्टरांकडे नेल्याशिवाय झीज थांबत नाही.

आंबट फळं मग सोडायची का? मुळीच नाही. जेवणाबरोबर चावून खाल्लेलं फळ आणि तासभर घोट घोट घेतलेला रस यांत फार फरक आहे. चावल्याने लाळ सुटते आणि काम उरकतं लवकर. रस मात्र दातांवरून पुन्हा पुन्हा वाहतो. शिवाय संत्र्याच्या रसाचा सामू कोलापेक्षा वर असला तरी त्यात आम्लाचा साठा जास्त असतो, त्यामुळे तो निष्प्रभ करायला लाळेला जास्त मेहनत पडते. पेय तोंडात खेळवू नये. स्ट्रॉ वापरायची तर तिचं टोक पुढच्या दातांच्या मागे जाईल अशी धरावी.

## लाळ: जिचं श्रेय कुणी देत नाही

दात आयुष्यभर टिकतात ते मुख्यतः लाळेमुळे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात बायकार्बोनेट असतं, म्हणजे खायच्या सोड्यातलाच कामाचा भाग. ते आम्ल मारतं. शिवाय तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. सामू वर आला की तेच इनॅमलमधल्या रिकाम्या जागांत परत जाऊन बसतं. खड्डा पडण्याआधीचा पांढरा डाग म्हणूनच थांबवता येतो, काही वेळा मागेही हटवता येतो.

टूथपेस्टमधलं फ्लोराइड इथेच उपयोगी पडतं. खनिज परत बसताना जवळ फ्लोराइड असेल तर तयार होणारा स्फटिक अधिक टणक होतो आणि साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. म्हणजे प्लाकमधलं आम्ल सोसायची ताकद वाढते. मात्र २.५ सामूचं पेय त्याच्याही पुष्कळ खाली आहे. फ्लोराइडची पेस्ट वापरतो म्हणून दिवसभर कोला प्यायला हरकत नाही, हा समज इथेच कोसळतो.

चावताना लाळ वाढते आणि तिचं बायकार्बोनेटही वाढतं. जेवणानंतर वीसेक मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगगम चघळण्याचा फायदा तो हाच. चीजचा छोटा तुकडाही तेच काम करतो, वर कॅल्शियम देतो. झोपेत उलट होतं: लाळ जवळजवळ आटते. रात्री दात घासल्यावर घेतलेलं गोड दूध, किंवा बाळाच्या तोंडात रात्रभर राहिलेली दुधाची बाटली, म्हणूनच दिवसापेक्षा जास्त घातक. ॲलर्जीची, नैराश्याची, रक्तदाबाची काही औषधं लाळ कमी करतात. डोक्या-मानेला दिलेल्या रेडिएशननंतर ती फारच कमी होऊ शकते. तोंडाला सतत कोरड पडत असेल तर दंतवैद्याला औषधांची यादी दाखवावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

## आता हिरड्या, आणि उलटं वळण

हिरडी खनिजाची नसते, त्यामुळे ती दातासारखी आम्लात विरघळत नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. दात आणि हिरडी यांच्यात एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल. त्या खाचेत साखर फारशी पोचत नाही. तिथल्या जिवाणूंचं अन्न असतं प्रथिनं, म्हणजे हिरडीतून झिरपणारा द्रव आणि सुजलेल्या हिरडीतून येणारं रक्त. प्रथिनं पचवताना ते अमोनिया आणि गंधकाचे वायू सोडतात. अमोनिया अल्कधर्मी असतो. हिरडीच्या आजारातली ती विशिष्ट दुर्गंधी याच वायूंची, आणि तिथला सामू ७ च्या वर सरकतो तो अमोनियामुळे.

हिरडीच्या आजारातला एक प्रमुख जिवाणू, पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस, किंचित अल्कधर्मी जागीच चांगला वाढतो. हिरडी सुजली की द्रव जास्त झिरपतो, अन्न वाढतं, सामू वर जातो, जिवाणूंचं फावतं, सूज आणखी वाढते. खाच ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल झाली की तिला पॉकेट म्हणतात, आणि तिथे घरचा ब्रश पोचत नाही. त्याच्याही खाली दाताला धरून ठेवणारं हाड असतं, ते हळूहळू झिजत जातं. बहुतेकदा न दुखता, म्हणून माणूस उशिरा जागा होतो.

अल्कधर्मी पाणी प्यायल्याने हिरड्या सुजतात, असा याचा अर्थ नाही. पॉकेटमधला सामू तिथल्या जिवाणूंनी आणि सुजेने ठरतो. वरून ओतलेलं पाणी तिथे पोचतही नाही. पण अल्क म्हणजे निरोगी, हे समीकरण हिरडीपाशी मोडतं एवढं नक्की.

## किटण कुठे साचतं ते पाहा

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवा. किटण असेल तर बहुधा तिथेच खरखरीत लागेल. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. या दोन्ही ठिकाणी लाळग्रंथींची तोंडं उघडतात. ताजी लाळ सारखी येते, सामू वर राहतो, आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट प्लाकवर बसून तो दगडासारखा होतो. नळाच्या तोंडाशी क्षार जमतो तसाच. न घासलेला प्लाक एक ते तीन दिवसांतच कडक व्हायला लागू शकतो.

आणि गंमत अशी, की खालचे पुढचे दात तोंडातले सर्वांत कमी किडणारे दात आहेत. जी लाळ त्यांना किडीपासून वाचवते तीच तिथे किटण बसवते. एकाच तोंडात, काही सेंटिमीटरच्या अंतरावर, आम्लाचं आणि अल्काचं नुकसान शेजारी शेजारी चाललेलं असतं. दोन्हीकडे समान दुवा एकच: वेळेवर न निघालेला प्लाक.

## मग लिंबाने किटण निघेल का?

लिंबू आणि व्हिनेगर किटण विरघळवतात हे खरं आहे. पण किटण आणि इनॅमल दोन्ही कॅल्शियम-फॉस्फेटचेच. आम्लाला त्यांच्यातला फरक कळत नाही. किटणाचा जाड थर सुटेपर्यंत शेजारचा उघडा दात आधी मऊ होतो, आणि त्यावर चोळलं तर मऊ झालेला थर घासून निघून जातो. ‘दात किती गुळगुळीत झाले’ असं वाटतं ते त्यामुळेच. दात आंबणं ही नुकसानीची सूचना समजावी. किटण दंतवैद्याकडे उपकरणाने काढून घेणं हाच मार्ग आहे. त्याने दात हलायला लागतात, ही भीती निराधार आहे: किटणाच्या आधाराने उभा असलेला दात आधीच सैल झालेला असतो, तो फक्त नंतर जाणवतो.

## खायचा सोडा वापरावा का?

चूळ भरायला, होय. एक ग्लास पाण्यात अर्धा चमचा सोडा, अर्धा मिनिट खळखळून चूळ, आणि थुंकून टाकायचं. कोरड पडणाऱ्यांना आणि घशाशी येणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. गिळू नये, त्यात सोडियम बरंच असतं.

पेस्टऐवजी रोज सोडा वापरणं मात्र तोट्याचं. सोडा खरखरीत असतो म्हणून नव्हे; उलट तो बऱ्याच पेस्टपेक्षा मऊ असतो. तोटा हा, की त्यात फ्लोराइड नाही. सोड्याने आलेला अल्कधर्मीपणा थोड्याच वेळात लाळेबरोबर निघून जातो, आणि फ्लोराइडमुळे दिवसभर मिळणारं संरक्षण हातचं जातं. सोडा आणि लिंबू एकत्र करून लावणं तर अगदीच व्यर्थ. फेस येतो म्हणजे दोघांनी एकमेकांना मारलं, आणि लिंबू जास्त पडलं असेल तर उरलं ते आम्लच.

अल्कधर्मी पाण्याचंही तसंच. त्याचा सामू ८-९ असला तरी आम्ल मारायची ताकद थोडी असते, आणि तोंडात ते काही सेकंदच राहतं. पोटात गेल्यावर जठरातलं आम्ल त्याला निष्प्रभ करतं. रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये घट्ट धरून ठेवतात, पाण्याने तो हलत नाही. गोड पेयानंतर साध्या पाण्याची चूळ पुरेशी आहे. बाजारातल्या पट्टीने लाळेचा सामू तपासूनही फार कळत नाही: कीड ठरते प्लाकच्या आतल्या सामूवर आणि हिरडीचा आजार पॉकेटमध्ये, आणि पट्टी या दोन्हीपैकी कुठेच जात नाही.

## दात केव्हा आणि कसे घासायचे

आम्लधर्मी पेय किंवा उलटी यानंतर लगेच ब्रश करू नये. वरचा काही मायक्रॉनचा थर मऊ झालेला असतो. आधी पाण्याने किंवा सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी, हवं तर बोटाने थोडी फ्लोराइड पेस्ट फिरवावी, आणि अर्धा ते एक तास थांबावं. सकाळी फळांचा रस घेणाऱ्यांनी नाश्त्याआधी घासणं सोयीचं.

पेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) असावं. हा आकडा ट्यूबवर छापलेला असतो. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, त्यातली एक वेळ झोपण्याआधीची. घासून झाल्यावर फक्त थुंकावं, भरपूर पाण्याने चूळ भरू नये, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. ब्रश मऊ दात्यांचा, हिरडीच्या कडेला तिरका टेकवून, हलक्या हाताने. आणि दोन दातांच्या फटीत दिवसातून एकदा फ्लॉस किंवा बारीक ब्रश, कारण हिरडीचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. घासताना रक्त येतं म्हणून ती जागा टाळायची नाही. रक्त येतं तिथेच प्लाक साचलेला असतो. नीट साफ करूनही एक-दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याकडून पॉकेटची खोली मोजून घ्यावी.

## हिरडी खाली सरकली असेल तर

हिरडीच्या आजाराने किंवा जोरजोरात घासल्याने मूळ उघडं पडतं, आणि सुरुवातीला पाहिलेला तो आकडा इथे परत येतो. मुळाचं डेंटिन ६.२ ते ६.७ लाच विरघळू लागतं. म्हणजे ज्या सौम्य आम्लाने इनॅमलला काही होत नाही, त्यानेही मूळ किडू शकतं. गार पाण्याने कळ येणं ही बहुधा पहिली खूण. त्यानंतर हिरडीच्या कडेला पिवळसर-तपकिरी, जरा मऊ पट्टा दिसतो. उतारवयात लाळही कमी झालेली असते, त्यामुळे ही कीड वेगाने दाताभोवती फिरते आणि वरचा भाग शाबूत असतानाच दात बुंध्याशी मोडू शकतो. अशा तोंडासाठी दंतवैद्य फ्लोराइडचं वार्निश लावतात किंवा ५००० पीपीएमची पेस्ट लिहून देतात. ती नेहमीच्या पेस्टच्या तिप्पट ते पाचपट तीव्र असते, सांगितली असेल तरच वापरावी आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.